सीमलेस घ्यायचा की वेल्डेड? एसएस पाइपची ऑर्डर देण्याआधी हे बघून घ्या

एन्क्वायरीत "एसएस पाइप, सीमलेस" (एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील, सीमलेस म्हणजे बिनजोडाचा) एवढं लिहायचं आणि मोकळं व्हायचं, ही सवय आपल्याकडे अंगात मुरलेली आहे. मीही सुरुवातीची पाच-सहा वर्षं तेच केलं, कारण महाग वस्तू मागवली म्हणून कुणी ओरडत नाही पण स्वस्त घेतली आणि गळली तर सगळे तुमच्याच नावाने शंख करतात. गोव्यात फोंड्याला राहतो, कुंडईला नोकरी, पायपिंग आणि मेंटेनन्स हेच काम, आणि मधूनमधून वेर्णा, कुंकळ्ळीकडचे ओळखीचे लोक फोन करून विचारतात की अमुक लाइनला काय टाकू. दर वेळी तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. साध्या प्लांटमधल्या बहुतेक लाइनला चांगल्या मिलचा वेल्डेड पाइप पुरतो, आणि त्यातून वाचणारा पैसा ग्रेडवर (म्हणजे स्टीलच्या जातीवर) आणि साइटवरच्या वेल्डिंगवर घालावा. काही ठिकाणी मात्र सीमलेसला पर्याय नाही, ती ठिकाणं कुठली हे कळलं की झालं.

आधी लाइनचा कागद करा

डीलरला फोन लावायच्या आधी एका कागदावर एवढं लिहा: लाइनमधून काय जाणार, जास्तीत जास्त प्रेशर किती (रोजचं नव्हे, पंपाचा डिस्चार्ज बंद झाला तर किती चढेल ते), टेम्परेचर किती, साइज किती, लाइन शेडच्या आत की बाहेर, बाहेर असेल तर समुद्र किती लांब, आणि प्रेशर सारखं वर-खाली होतं की एकसारखं राहतं. स्टीम असेल तर तेही. साडेतीन किलोच्या (किलो म्हणजे इथे प्रेशर, किलो पर चौरस सेंटीमीटर) वरची स्टीम लाइन, किंवा आतला व्यास २५४ मिलिमीटरपेक्षा मोठा आणि प्रेशर एक किलोच्या वर असलेली स्टीम लाइन, आयबीआरमध्ये म्हणजे इंडियन बॉयलर रेग्युलेशन्समध्ये येते. मग पाइप सीमलेस असो की वेल्डेड, आयबीआरचं सर्टिफिकेट नसेल तर पणजीला आल्तिनोवरच्या फॅक्टरीज अँड बॉयलर्सच्या ऑफिसात तुमची फाइल पुढे सरकणार नाही. पाइप आल्यावर हे कळण्यात काही अर्थ नाही, ते सर्टिफिकेट नंतर मागून मिळत नाही.

हा कागद करायला अर्धा तास लागतो, आणि निम्म्या वेळा हा कागदच उत्तर देऊन टाकतो.

दोन्ही बनतात कसे, थोडक्यात

सीमलेस म्हणजे भरीव गोल बिलेट (स्टीलचा दांडा) तापवून त्याला भोक पाडायचं किंवा एक्स्ट्रूड करायचं, मग जो जाड पोकळ नळा मिळतो तो थंड अवस्थेत ओढून किंवा पिल्गर करून (रोलखाली दाबत बारीक करून) हव्या साइजला आणायचा. जोड कुठेच नाही. पण भोक कधी बरोब्बर मध्यात पडत नाही, त्यामुळे एका बाजूला थिकनेस जास्त, समोरच्या बाजूला कमी असं होतं.

वेल्डेड म्हणजे कॉइलमधून पट्टी कापून रोलरमधून गोल करायची आणि कडा टिग (आर्गन वायूच्या आडोशाने होणारं वेल्डिंग), प्लाझ्मा नाहीतर लेसरने जोडायच्या. इथे लोक सरसकट "ईआरडब्ल्यू" (इलेक्ट्रिक रेझिस्टन्स वेल्डेड) म्हणतात ते एमएसच्या, म्हणजे साध्या माइल्ड स्टीलच्या सवयीने म्हणतात, एएसटीएम ए ३१२ (एसएस पाइपचं अमेरिकन स्टँडर्ड) मधला वेल्डेड पाइप ऑटोमॅटिक मशीनवर फिलर, म्हणजे वरून वायर, न घालता जोडलेला असतो आणि नंतर १०४० डिग्रीच्या वर तापवून झटकन थंड केलेला असतो. हे सोल्यूशन ॲनीलिंग नीट झालं असेल तर वेल्डची जागा गंजाच्या बाबतीत बाकीच्या पाइपच्या जवळपास येते. नीट झालं नसेल तर नाही येत, म्हणून वेल्डेड घेताना मिल कोणती हे बघायचं. पट्टी सगळीकडे सारखी असल्यामुळे थिकनेस मात्र सीमलेसपेक्षा एकसारखा मिळतो, आणि आतली फिनिशही पुष्कळदा जास्त गुळगुळीत, कारण ती कोल्ड रोल्ड शीटचीच असते. "सीमलेस म्हणजे आतून गुळगुळीत" हा गैरसमज आहे, ओढलेल्या पाइपात आत उभ्या रेषा असू शकतात.

आता हिशोब, हाच खरा भाग

वेल्डेड पाइप "कमजोर" असतो म्हणजे नेमका किती? प्रोसेस पायपिंगच्या एएसएमई बी ३१.३ कोडमध्ये याला एक आकडा दिलाय. सीमलेसला जॉइंट फॅक्टर १, ए ३१२ च्या एका बाजूने जोडलेल्या वेल्डेड पाइपला ०.८०, दोन्ही बाजूंनी जोडलेल्याला ०.८५, आणि वेल्डचा शंभर टक्के एक्स-रे काढला तर परत १. म्हणजे कोडच्या हिशोबात वेल्डेड पाइपची ताकद वीस टक्के कमी धरायची, बस. अर्धी नाही, पाव नाही.

हे वीस टक्के तुमच्या लाइनला टोचतात का ते काढून बघा. फॉर्म्युला असा: प्रेशर गुणिले बाहेरचा व्यास, त्याला भागायचं २ गुणिले (स्ट्रेस गुणिले फॅक्टर, अधिक ०.४ गुणिले प्रेशर) ने. ३१६एल ह्या ग्रेडचा परवानगीचा स्ट्रेस शंभर डिग्रीपर्यंत ११५ मेगापास्कल धरा.

चार इंच एनबीची (नॉमिनल बोअर, म्हणजे नावाची साइज) लाइन घेऊ, बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर, प्रेशर १० बार म्हणजे १ मेगापास्कल. सीमलेसला लागणारा थिकनेस येतो ०.५० मिलिमीटर, वेल्डेडला ०.६२. आणि बाजारात मिळणारा सगळ्यात नेहमीचा शेड्यूल (म्हणजे थिकनेसचा ठरलेला नंबर) १०एस आहे ३.०५ मिलिमीटरचा! मिलला साडेबारा टक्के कमी देण्याची सूट असते ती वजा केली तरी २.६७ उरतो. म्हणजे गरजेच्या चौपट. इथे सीमलेस घेऊन तुम्ही नेमकं काय विकत घेतलं?

आता तोच पाइप, प्रेशर १०० बार. सीमलेसला ४.८० मिलिमीटर, साडेबारा टक्क्यांची सूट धरून ५.४९. शेड्यूल ४०एस ६.०२ मिलिमीटरचा आहे, चालून गेला. वेल्डेडला ५.९५, सूट धरून ६.८०, म्हणजे ४०एस नापास आणि उडी थेट ८०एस वर, ८.५६ मिलिमीटर. वजन मीटरला १६ किलोच्या आसपास होतं ते साडेबावीसवर जातं. इथे सीमलेसचा किलोचा रेट जास्त असला तरी मीटरचा हिशोब त्याच्या बाजूने जाऊ शकतो. नाहीतर शंभर टक्के एक्स-रेवाला वेल्डेड घ्यायचा. (यात गंजासाठीचा जादा थिकनेस धरलेला नाही, लाइन तशी असेल तर वर घाला.)

हा हिशोब मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत होतो. मी आता कुणी विचारलं की पहिल्यांदा प्रेशर विचारतो, आणि समोरून "सात-आठ किलो असेल" असं आलं की फोन तिथेच संपतो.

मग सीमलेस कुठे?

वर दाखवलं तसं हाय प्रेशर, ही एक जागा. दुसरी, प्रेशर किंवा टेम्परेचर दिवसातून शेकडो वेळा वर-खाली होतं तिथे, कारण थकवा लागून तडा जायचा असेल तर तो आधी जोडाच्या कडेला शोधतो. हायड्रॉलिक लाइन म्हणूनच सीमलेस. तिसरी, विषारी किंवा पेट घेणारं काही जात असेल आणि क्लायंटच्या स्पेसिफिकेशनमध्ये सीमलेस लिहिलं असेल, तिथे वाद घालू नका. चौथी, इन्स्ट्रुमेंटची बारीक ट्यूब, अर्धा इंच ओडी (बाहेरचा व्यास) वगैरे, जिला डबल फेरूलचं (दोन धातूच्या रिंगांचं) फिटिंग बसतं. फेरूल ट्यूबच्या बाहेरच्या अंगावर चावून सील करतं, तिथे वेल्डचा बारीकसा उंचवटा आला की गळती, आणि ती गळती असते कुठे तर पॅनेलच्या मागे, जिथे हात जात नाही. तिथे सीमलेस ए २६९ (ट्यूबचं स्टँडर्ड), तोही मऊ ॲनील केलेला. पाचवी, फार घट्ट बेंड मारायचे असतील तर.

आणि एक सहावं, व्यवहाराचं. अर्धा-पाऊण इंच साइजमध्ये जाड शेड्यूलचा सीमलेस स्टॉकमध्ये सहज मिळतो, लागणार वीस मीटर, तिथे काथ्याकूट करू नका, जे हाताशी आहे ते घ्या. उलट आठ-दहा इंचाच्या वर गेलात की सीमलेसचा भावही अंगावर येतो आणि डिलिव्हरीची वाट बघत शटडाऊनची तारीख निघून जाते.

लांबीचंही बघा. वेल्डेड पाइप सरळ सहा मीटरचे येतात, सीमलेस पुष्कळदा कमी-जास्त लांबीचे, एक साडेचार, एक पाच, एक सहा. म्हणजे तेवढ्याच लाइनला साइटवर जॉइंट जास्त. आता हे लक्षात घ्या की मिलमधला उभा जोड मशीनने, भट्टीत ॲनील होऊन, टेस्ट होऊन येतो, आणि साइटवरचा आडवा जोड मारतो आपला वेल्डर, मचाणावर उकिडवा बसून, पावसात ताडपत्री धरून. मी आजवर पाहिलेल्या गळक्या एसएस लाइनमध्ये बहुतेक ह्या दुसऱ्या जोडावर गळत होत्या.

फार्मा आणि दूधवाल्यांसाठी दोन ओळी. सॅनिटरी ट्यूब ए २७० वेल्डेडही असते आणि सीमलेसही, आणि आतला मणी (वेल्डचा उंचवटा) सपाट करून पॉलिश केलेली वेल्डेड ट्यूब ही काही दुय्यम वस्तू नव्हे. तिथे बघायचा तो आतल्या फिनिशचा आरए (खडबडीतपणाचा) आकडा आणि ऑर्बिटल वेल्डिंग (पाइपभोवती फिरणाऱ्या मशीनने मारलेलं).

ग्रेडचं भांडण सीमलेसशी नाही

हे मी पैसे घालवून शिकलो. आधी मी जिथे कामाला होतो ती जागा दर्यापासून फार लांब नव्हती, तिथे गरम पाण्याची लाइन होती, ऐंशी डिग्रीच्या आसपास, शेडच्या बाहेरून जाणारी, इन्सुलेशन केलेली. मी मोठ्या ऐटीत ३०४ सीमलेस टाकला होता. तिसऱ्या पावसाळ्यात इन्सुलेशन खालून टपकायला लागलं, आम्हाला वाटलं पावसाचं पाणी, क्लॅडिंग (इन्सुलेशनवरचा पत्रा) उघडलं तर पाइपवर केसाएवढे बारीक तडे, झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले, आणि ते जोडावर नाही तर मधल्या साफ पाइपवर. क्लॅडिंगच्या फटीतून खारं पाणी आत शिरून गरम पाइपवर सुकत होतं, परत भिजत होतं, मीठ साठत होतं. क्लोराइड स्ट्रेस कोरोजन म्हणतात त्याला, साठ डिग्रीच्या वर ३०४ आणि ३१६ दोघांनाही त्याची भीती असते, आणि त्याला पाइप सीमलेस आहे की वेल्डेड याच्याशी काही देणंघेणं नाही.

त्यामुळे गोव्यात क्रम असा ठेवा, आधी ग्रेड, मग सीमलेस-वेल्डेड. किनाऱ्याजवळ, वास्को, साकवाळ, बेतुल अशा पट्ट्यात बाहेर उघडी लाइन असेल तर ३१६एल, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला बरंच तोंड देतं. ३०४ वर तिथे चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग येतात, ताकद जात नाही पण ऑडिटला आलेला माणूस नाक मुरडतोच. गरम आणि इन्सुलेटेड असेल तर ३१६एल वरही विसंबू नका, इन्सुलेशनखाली ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, क्लॅडिंगचे जोड पाणी निथळेल असे खाली तोंड करून घ्या, फारच महत्त्वाची लाइन असेल तर ड्युप्लेक्सचा (ह्या तड्यांना जास्त तोंड देणारी स्टेनलेसची जात) विचार करा. फोंडा, डिचोलीकडे आत, शेडखाली, साध्या पाण्याला नि हवेला ३०४एल झकास चालतो. सीमलेस ३०४ आणि वेल्डेड ३१६एल यांचे भाव एकदा शेजारीशेजारी मागवून बघा, मी काय म्हणतोय ते कळेल.

एल ग्रेडच घ्या, कारण साइटवर वेल्डिंग होणारच आहे. कार्बन कमी असला की वेल्डच्या शेजारची जागा गंजायला सोपी होत नाही.

आणि हो, इथली लाल माती. यार्डात पडलेल्या पाइपवर तांबडे डाग दिसले की लगेच सप्लायरला फोन करू नका, आधी पाण्याने धुऊन बघा. एकदा मी गंज म्हणून आख्खा बंडल बाजूला काढायला लावला होता आणि निघाली चिऱ्याची धूळ. फिटर लोक अजून हसतात.

ऑर्डर कशी लिहायची

"४ इंच एसएस पाइप, १०० मीटर" असं लिहिलंत तर समोरचा त्याला परवडेल ते पाठवणार, आणि चूक तुमची. असं लिहा: एएसटीएम ए ३१२, टीपी ३१६एल, वेल्डेड, ४ इंच एनबी, शेड्यूल १०एस, सोल्यूशन ॲनील्ड आणि पिकल्ड (ॲसिडने साफ केलेला), लांबी ६ मीटर, टोकं बेव्हल (वेल्डिंगसाठी तिरकी कापलेली), एन १०२०४ चं ३.१ सर्टिफिकेट (मिलचा टेस्ट रिपोर्ट). ॲसिड जाणार असेल तर ए २६२ प्रॅक्टिस ई ची गंजाची टेस्ट, ती आधी लिहा, नंतर मागितली तर कुणी करून देत नाही.

कोटेशन दोन्हीचं मागवा आणि मीटरच्या भावाने तुलना करा. किलोच्या भावाने फसगत होते, कारण जाड भरलेला पाइप वजनाला जास्त भरतो आणि बिल वाढतं. वजन स्वतः काढायला: (ओडी वजा थिकनेस) गुणिले थिकनेस गुणिले ०.०२४९, उत्तर किलो पर मीटर. चार इंच १०एस चं ८.४५ येतं. ट्रकमधून उतरलेला माल काट्यावर घाला आणि ह्याच्याशी ताडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

माल आला, आता सही करायच्या आधी

आपल्याकडे बराचसा माल मुंबईहून येतो, सी. पी. टँक, खेतवाडी, कुंभारवाडा ह्या भागातल्या स्टॉकिस्टांकडून, आणि तिथे चोख माणसं आहेत तशी दुसरीही आहेत. एकदा आमच्याकडे दोन इंच ४०एस "सीमलेस" आला, सर्टिफिकेट सुंदर, छाप सुंदर. आमच्या जुन्या फिटरने टोकातून आत बोट घातलं, गोल फिरवलं आणि म्हणाला, "पात्रांव, हांगा लायन दिसता मरे." (साहेब, इथे रेघ दिसतेय.) मला काहीच दिसेना. मग एक बांगडी कापली, तोंड एमरीने बारीक घासून चकचकीत केलं आणि त्यावर पिकलिंग पेस्ट लावून ठेवली. थोड्या वेळाने धुतलं तर एका जागी फिकट उभी पट्टी, आजूबाजूपेक्षा वेगळ्या रंगाची. वेल्ड. बाहेरून घासून, पॉलिश करून आम्हाला सीमलेस म्हणून विकला होता. सगळा माल परत. (पिकलिंग पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, रबरी हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय डबा उघडू नका, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जवळ ठेवा. भाजल्याचं उशिरा कळतं.)

पेस्टच्या आधी करायची सोपी तपासणी म्हणजे मायक्रोमीटर घेऊन टोकाला आठ ठिकाणी थिकनेस मोजायचा. खऱ्या सीमलेसमध्ये आकडा थोडा इकडे-तिकडे होतोच. सगळीकडे अगदी तंतोतंत सारखा आला तर शंका घ्या. वेल्ड पूर्ण ओढून ॲनील केलेली असेल तर मात्र पेस्टनेही ती अगदी फिकी दिसते, तिथे लॅबच. पाइपवरचा छापही वाचा: सीमलेसला एसएमएल, वेल्डेडला डब्ल्यूएलडी, आणि एचसीडब्ल्यू दिसलं तर तो वेल्ड करून मग भरपूर थंड ओढलेला पाइप आहे, तोही ए ३१२ मध्ये बसतो, चांगलाही असतो, पण तो सीमलेसच्या भावात घ्यायचा नसतो. हीट नंबर (स्टीलच्या बॅचचा नंबर) पाइपवरचा आणि सर्टिफिकेटवरचा एकच हवा. ग्रेडसाठी पीएमआय मशीनवाल्याला (धातूत काय-काय आहे ते मोजणारं मशीन) एक दिवस बोलवा, नाहीतर निदान मॉली टेस्टचा (मॉलिब्डेनम ओळखणारा) थेंब टाका, ३०४ आणि ३१६ एवढं तरी कळतं. चुंबकाने हे दोन ओळखता येत नाहीत, कुणी कितीही छातीठोक सांगो.

साइटवर

पाइप एमएसच्या रॅकवर ठेवू नका, मध्ये लाकूड किंवा रबर टाका. शेजारी एमएसचं गेट कापायचं काम चालू असेल तर ठिणग्या उडून एसएसवर बसतात आणि पहिल्या पावसात गंजाचे ओघळ दिसतात. ग्राइंडिंगची चकती, वायर ब्रश एसएससाठी वेगळे, त्यांना रंगाने खूण करून कुलपात ठेवा, कारण न ठेवल्यास संध्याकाळपर्यंत ते एमएसवर फिरलेले असतात.

वेल्डेड पाइप जोडताना उभे जोड एका रेषेत आणू नका, शेजारच्या पाइपचा जोड थोडा फिरवून घ्या. आडव्या लाइनमध्ये जोड वरच्या बाजूला, पण अगदी माथ्यावर नको, घड्याळात दहा किंवा दोन वाजता काटा असतो तिथे, म्हणजे तळाला साचणारा गाळ त्याच्यावर बसत नाही आणि वरून ब्रांच काढायची तर भोकाच्या वाटेत येत नाही. बेंड मारताना जोड बाजूला, ना ताणाच्या अंगाला ना दाबाच्या.

टिग मारताना आतून आर्गनचं पर्जिंग (पाइपातली हवा हाकलून आर्गन भरणं), हे सीमलेसलाही तेवढंच लागतं. आतला मणी चांदीसारखा किंवा फिकट पेंढ्याच्या रंगाचा आला तर ठीक, निळा-काळा आणि साखरेसारखा खडबडीत आला तर कापून परत. पाण्यात विरघळणारा पर्ज पेपर जून-जुलैत डब्यातच मऊ पडतो, घट्ट प्लास्टिकमध्ये ठेवा. ३१६एल ला ३१६एल चीच वायर, ३०४एल ला ३०८एल. मग जोडाचं पिकलिंग, भरपूर पाण्याने धुणं.

शेवटी हायड्रो टेस्ट, म्हणजे लाइनमध्ये पाणी भरून प्रेशर देऊन तपासणं. टँकरचं किंवा किनाऱ्याजवळच्या बोअरचं पाणी न तपासता भरू नका, क्लोराइड ५० पीपीएमच्या आत हवं. टेस्ट झाली की त्याच दिवशी लाइन पूर्ण रिकामी करा, खालचे ड्रेन उघडा आणि कोरडी हवा मारून सुकवा. शनिवारी टेस्ट घेऊन "सोमवारी काढू पाणी" म्हणून गेलेली लाइन मी बघितलीय, सोमवारी दुसरंच काम निघालं आणि पाणी चतुर्थीपर्यंत आत राहिलं. सुट्टीवरून आल्यावर तळाच्या बाजूला टाचणीने टोचल्यासारखी भोकं होती, नव्या कोऱ्या पाइपला, एकदाही प्रॉडक्ट न गेलेल्या.